नवरीकडची माणसं

टी-शर्ट मंगळवारी आले. नवऱ्यामुलाच्या, म्हणजे हितेशच्या, बहिणीने, जागृतीने, ते नायलॉनच्या पोत्यात भरून चिंचणीहून बोईसरला येणाऱ्या रिक्षात घालून दिले होते. रिक्षावाल्याने पोतं नागोरावच्या खोलीच्या दारात टाकलं तेव्हा त्याची बायको रंभाबाई चाळिसावी पोळी लाटत होती. अजून वीस राहिल्या होत्या. कारखान्यातल्या पहिल्या पाळीचे डबे अकराला जात, आणि डब्यांना मुलीचं लग्न वगैरे कळत नाही.

हात पुसून तिने पोतं सोडलं. सगळे टी-शर्ट हळदीच्या रंगाचे. पाठीवर लाल अक्षरांत नातं छापलेलं. नवरीचा बाप, एक. नवरीची आई, एक. नवरीचा काका, तीन. आत्या दोन, मावश्या दोन, भाऊ सहा, वहिन्या तीन. सगळ्यांत खाली नवरीचा मामा, एक.

हळदीला दोन्हीकडच्यांनी एका रंगाचे टी-शर्ट घालायचे आणि कोण कोणाचं कोण ते पाठीवर छापायचं, अशी आता पद्धत आहे. पूर्वी लोक हे एकमेकांना विचारत आणि त्यात अर्धा दिवस जाई. तेवढा वेळ वाचतो.

जागृतीने महिन्यापूर्वी नवरीला, प्रियदर्शिनीला, मेसेज केला होता : वहिनी, तुमच्याकडचे काका किती, मामा किती, सगळ्यांची मापं पाठव. प्रियदर्शिनी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम करते. आकडे चुकवायची तिला सवय नाही. तिने सतरा नातेवाईक मापांसकट कळवले. किती आहेत, असं तिला विचारलं होतं. येणार किती, असं विचारलं नव्हतं.

येणार कोणी नव्हतं. नागोरावचं गाव नांदेडकडचं. पोरगी समुद्राकाठच्या घरात, आपल्यात नसलेल्या माणसांत जाणार हे कळल्यावर थोरल्या भावाने फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं : "दर्यात पोरगी ढकलायलास, ढकल. आमाला काठावर हुबं राहा म्हनू नको." धाकट्या दोघांनी तेवढंही सांगितलं नाही. बहिणींनी थोरल्याला विचारून सांगतो म्हटलं आणि बहुधा विचारलं.

"आता ह्येचं काय करावं?" रंभाबाईने विचारलं.

नागोराव तिसऱ्या पाळीवरून येऊन भिंतीला टेकून बसला होता. त्याने पोत्याकडे बघितलं.

"घालायचे."

"कोनी?"

"माणसं आनू."

"कुठून?"

"माणसं काय, बोईसरात कमी हायेत का?"

रंभाबाईने मामाचा टी-शर्ट उचलला, घडी घातली आणि आपल्या लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवला. "ह्यो कुनाला देयाचा न्हाई. सुजित येतो."

सुजित तिचा एकुलता भाऊ. आयटीआयची दोन वर्षं तो याच खोलीत राहिला होता. तेव्हा प्रियदर्शिनी पाळण्यात होती आणि पाळण्याची दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची. त्याचा खाकी शर्ट रंभाबाई रोज धुवायची आणि रोज इस्त्री म्हणून तांब्यात निखारे घालून फिरवायची. आता तो गावाकडे सरपंचपदाला उभा राहणार होता. भावकीची मतं त्याला लागणार होती, आणि भावकीचं मत काय ते सगळ्यांना माहीत होतं. गेले दोन महिने त्याचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. एकदा त्याच्या बायकोने उचलला. "ते भाईर गेलेत," म्हणाली. रंभाबाईने विचारलं, "कवा येतील?" बायको म्हणाली, "गेलेत," आणि ठेवून दिला.

*

रंगाच्या कारखान्यात फिल्टर प्रेस उघडायला दोन माणसं लागतात. एक या बाजूला, एक त्या बाजूला. मधे चाळीस प्लेटा. दोघांनी मिळून एकेक प्लेट ओढायची, कापडाला चिकटलेला रंगाचा ओला पिवळा गाळ, म्हणजे केक, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून खाली पाडायचा, पुढची ओढायची. नागोराव बावीस वर्षं या बाजूला होता. त्या बाजूला अकरा वर्षं चंद्रभान होता, जौनपूरचा. दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे झालेले. साबणाने रंग जात नव्हता, रॉकेलने थोडा जाई, मग हाताला रॉकेलचा वास येई. म्हणून दोघेही रंगच बरा म्हणत.

मंगळवारी रात्री पत्र्यातून मे महिन्याचं दिवसभराचं ऊन खाली उतरत होतं. शेडमध्ये घाम गळत होता तोही पिवळा.

पहिल्या तीन प्लेटा नागोरावने नुसत्याच ओढल्या. चौथीला म्हणाला, "शनिवारी क्या है तुम्हारा?"

"शुक्रवार की नाईट है. सुबह सात बजे छूटूँगा. क्यूँ?"

"लडकी की हळदी है. चिंचणी में."

"मालूम है. भाभी ने बोला है खाने को."

दोन प्लेटा गेल्या.

"थोडा काम भी है," नागोराव म्हणाला. "काका होना पडेगा."

चंद्रभान थांबला. पट्टी हातात तशीच. "काका मतलब? चाचा?"

"हां."

"आपका भाई?"

"हां."

"बड़ा कि छोटा?"

नागोरावने विचार केला. "बडा."

"ये ठीक है," चंद्रभान म्हणाला. "उमर में मैं बड़ा ही हूँ." त्याने प्लेट ओढली. पुढच्या प्लेटेला म्हणाला, "भैया, मेरी सगी भांजी, बहन की बेटी, उसकी शादी थी फागुन में. छुट्टी नहीं दिया. यहाँ चाचा बनने की छुट्टी भी नहीं लगेगी."

तो हसला. नागोरावला हसावं की नाही कळलं नाही, म्हणून त्याने केक खरवडला.

बुधवारी संध्याकाळी डबे न्यायला आलेल्यांना टी-शर्ट वाटले. सहा भाऊ पॅकिंगमधून मिळाले. त्यांतले चार ओडिशाचे होते. शेजारची दीपा जळगावकडची, ती मावशी झाली. तिने आपल्या दोन जावा वहिन्या म्हणून आणल्या आणि त्यांना आठवण करून दिली की हळद झाली की पुन्हा जावा व्हायचं आहे. आत्यांसाठी खालच्या खोलीतल्या दोघी सहज तयार झाल्या. चिंचणीचा समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. कारखान्यापासून समुद्र अर्ध्या तासावर होता आणि त्या नऊ वर्षांपूर्वी इथे आल्या होत्या.

मापांची मात्र पंचाईत झाली. टी-शर्ट खऱ्या नातेवाइकांच्या मापाचे होते. थोरल्या भावाचं पोट सगळ्यांत मोठ्या मापात मावणारं. तो टी-शर्ट चंद्रभानने अंगात घातला तेव्हा खांदे दंडावर उतरले आणि पोटाच्या जागी कापडाची रिकामी झोळी लोंबू लागली. चंद्रभानने ती दोन्ही हातांनी धरून दाखवली.

"इसमें और एक चाचा आएगा."

सगळे हसले. नागोराव त्या झोळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भीतर खोच. खोच भीतर."

*

गुरुवारी हंसाबाई आली, हितेशची आई. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकून टोपली रिकामी झाली की ती हल्ली नव्या सोयरिकीत चहा प्यायला थांबत असे. टोपली दाराबाहेर ठेवून ती उंबऱ्यातच बसली.

"आत या की, विहीणबाई," रंभाबाई म्हणाली.

"नको. अंगाला वास हाय. घरात ऱ्हाईल." तिने पदराने वारा घेतला. "तुमी आमच्या पोरांचे फोटो बगलंव का?"

"बघितले. बोटीतले."

"आपली बोट नाय ती. भाड्याची होडी आनली, एडवणवरशी. घरची बोट किनाऱ्याला उभी हाय, ह्यांच्या बापाची, आन होडी भाड्यानं. का, तं म्हनं आपल्या बोटीला वास येतो. मी फोटोवाल्याला बोलली, बाबा, फोटोला वास येतो काय? तो बोलला, फोटोला नाय आंटी, मला येतो."

रंभाबाई हसली. गेल्या आठवड्याभरात पहिल्यांदा.

"मग लाल धूर सोडला. धुरात पोरगा दिसं ना, पोरगी दिसं ना. पोरांचा बाप येकनाथ बोलला, बोट पेटली का काय, आन पाण्याची बादली घेऊन पळाला." हंसाबाईने चहा बशीत ओतला. "करूद्या. पोरांचे दिवस हायेत. आमी काय बोलत नाय. येकच गोष्ट मी जागृतीला सांगितली. बाकी काय ते तुमचं नाचा. पन मामानं हाताला धरून पोरीला पाटावर बसवायची. ते आमच्यात मामाशिवाय होत नाय. आमच्यात बाप नसला तरी चालतो, मामा लागतो."

"आमच्यातबी लागतो," रंभाबाई म्हणाली.

"येतो ना मामा?"

"येतो."

"कई निगणार?"

"निघाला," रंभाबाई म्हणाली. मग तिला वाटलं की हे जरा लवकर झालं. "निघंल आता. लांब हाय ना."

हंसाबाईने बशी ठेवली. रंभाबाईच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं. मग टोपली डोक्यावर घेतली. "बोंबील ठेवलेत पिशवीत," म्हणाली. "मामाला भाजून घाला. लांबशी येतो."

ती गेल्यावर रंभाबाईने फोन लावला. पूर्ण वाजला. पुन्हा लावला. नंतर तिने पिठाचा डबा उघडून कणीक मळायला घेतली आणि फोन परातीशेजारी पालथा घालायच्या ऐवजी उताणा ठेवला, म्हणजे उजेड पडला तर दिसेल. शुक्रवारीही तो तसाच उताणा होता. शुक्रवारी तिने मिठाशिवाय कणीक मळली. डबे खाणाऱ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. सगळे आता घरचे झाले होते.

*

हळद चिंचणीला, मासळी वाळवायच्या मैदानात होती. बोंबील टांगायचे बांबू एका कडेला रचून ठेवले होते, आणि त्यांच्या जागी प्लास्टिकच्या सूर्यफुलांची कमान उभी होती. वाळूला मात्र आपलं काम माहीत होतं. ती वास सोडतच होती. म्हणून दोन मोठे पंखे लावून त्यांच्यापुढे अत्तराचे बोळे बांधले होते.

नवरीकडची माणसं दुपारी दोनला टेम्पोतून उतरली. रात्रपाळी करून तीन-चार तास झोपलेली. नवऱ्याकडची तीनशे असतील, सगळी पिवळी. त्यांच्या पाठीवर नाती कमी आणि गमती जास्त होत्या : नवऱ्याचा उधार मित्र, नवऱ्याची खरी बॉस. सतरातली सोळा माणसं त्या गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली. दोन्ही आत्या तेवढ्या आधी पाण्यापर्यंत जाऊन पाय भिजवून आल्या.

कार्यक्रम दोनचा होता, पण फोटोवाल्याला पाचचं ऊन हवं होतं. तीन तास सगळे उभे राहिले. टी-शर्ट पाठीला चिकटले. एकनाथ, हितेशचा बाप, सरबताचे ग्लास घेऊन स्वतः फिरत होता. चंद्रभानची पाठ वाचून तो त्याच्यासमोर थांबला.

"या काका. प्रवास कसा झाला? बरा झाला ना?"

"बढ़िया," चंद्रभान म्हणाला.

एकनाथने नागोरावकडे बघितलं. "भाऊ तुमचे हिंदीत बोलतात?"

"मिलिट्रीत होता," नागोराव म्हणाला.

"असं, असं," एकनाथ म्हणाला आणि चंद्रभानला आदराने दुसरा ग्लास दिला. चंद्रभान ताठ उभा राहून तो प्यायला.

रंभाबाईने घरून हळद आणली होती. जात्यावर दळलेली, पितळी वाटीत, वर आंब्याचं पान. सजावटीच्या बाईने वाटी बघितली आणि दोन्ही हात आडवे केले.

"आंटी, ही नाही हं. मेकअपचा बेस जाईल. आपण पाकळ्या टाकणार आहोत."

"हळदीला?"

"झेंडूच्या. पिवळ्याच आहेत."

म्हणजे हळदीला हळद लावायची नव्हती. रंभाबाईने वाटी पदराखाली घेतली. पुढे नागोरावने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तीच बाई लांबून ओरडली, "अंकल, हळद नको म्हटलं ना!"

"हळद न्हाई बाई," नागोरावने हात उलटसुलट करून दाखवला. "हात हायेत."

पाचला ऊन फोटोवाल्याच्या मनासारखं झालं. स्नेहल नावाची पालघरची मुलगी माईकवर होती. ती म्हणाली, "मंडळी, आपण लाईव्ह आहोत! दोनशे चौदा लोक आपल्याला घरबसल्या बघतायत! त्यांच्यासाठी जोरात टाळ्या!" लोकांनी न आलेल्यांसाठी टाळ्या वाजवल्या.

"आणि आता नवरीला पाटापर्यंत घेऊन येतील... नवरीचे मामा!"

ढोल वाजला. थांबला. प्रियदर्शिनी कमानीखाली उभी होती, चेहऱ्यावर फोटोवाल्याने सांगितलेलं हसू.

"नवरीचे मामा! मामा लाजतायत वाटतं!"

लोक हसले. एकमेकांच्या पाठी वाचू लागले. काका होते, भाऊ होते. प्रियदर्शिनीचं हसू तसंच होतं, फक्त हनुवटी हलू लागली होती. ती कोणाकडे बघत नव्हती. रस्त्याकडे तर मुळीच बघत नव्हती, कारण तिकडे रंभाबाई बघत होती.

"मामा आले नाहीत का?" स्नेहलने माईकवर विचारलं. तीनशे लोकांना ऐकू गेलं, आणि घरबसल्या दोनशे चौदांना.

रंभाबाईने पिशवीतून घडी काढली. घडीच्या रेघा अजून ताज्या होत्या. ती गर्दीतून चंद्रभानपाशी गेली. "हात वर कर," म्हणाली. त्याने केले. थोरल्या दिराच्या झोळीवरून तिने आपल्या भावाचा टी-शर्ट त्याच्या डोक्यातून घातला आणि लहान मुलाचा ओढतात तसा खाली ओढला. माप बरोबर बसलं. हे तिला सहन झालं नाही; ती मागे फिरली.

हंसाबाई पाटाजवळ उभी होती. तिने हा कारभार सगळा बघितला होता. बोईसरच्या बाजारात हा माणूस दर रविवारी तिच्याकडून सुकट घेतो, हेही तिला ठाऊक होतं. ती माईकपेक्षा मोठ्याने ओरडली, "अवं मामा, बगतंव काय? आना पोरीला! ऊन चाललाय!"

चंद्रभान पुढे झाला. प्रियदर्शिनीचा हात त्याने धरला तो मात्र कोणी शिकवल्यासारखा नाही. दुसरा हात तिच्या पाठीमागे, अंगाला न लावता, पडलीच तर धरायला. पाटावर तिला बसवलं आणि तो मागे उभा राहून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसू लागला. फोटोवाला धावत आला. "मामा, असंच! परत एकदा पुसा!"

मुलगी नीट दिसावी म्हणून रंभाबाई पुढे गेली होती, तीन पायांवरच्या कॅमेऱ्याजवळ. झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. हितेश खोकत होता. एक पाकळी त्याच्या तोंडात गेली होती. एवढ्यात तिच्या पिशवीत उजेड पडला.

सुजित.

तिने फोन कानाला दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. "हालो! सुजित? कुठं हायेस? बोईसरला उतरलास का? ष्टेशनाभाईर चिंचणीची रिक्षा भेटती बघ. रिक्षावाल्याला म्हन, मासळीचं मैदान—"

"अक्का. घरीच हाय मी."

तिच्या कानात दोन गाणी वाजत होती. एक मैदानातलं, एक फोनमधलं. तेच गाणं, थोडं मागे राहिलेलं.

"तो मामा म्हनून कोन हुबा केलायस?" सुजितने विचारलं.

"मामाच हाय. पाठीवर लिवलंय."

फोनमधून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. थोरल्या दिराचा खोकला तिने पंचवीस वर्षं ऐकला होता.

"कोन कोन हाय रं तिथं?"

"सगळेच हायेत. मोठे दाजी हायेत, दोघं बारके दाजी. तुज्या नंदा आल्यात. आपल्या दोघी अक्का हायेत. पोरं, सुना. मोठ्या टीव्हीला लावलंय."

रंभाबाई मोजत गेली. एकेकाचं माप तिला पाठ होतं. सतरा भरले.

"पोरगी कशी दिसायली?" तिने विचारलं.

"तेच म्हनायलोय, अक्का. तू जरा बाजूला सर. मघापासून कॅमेऱ्यापुढं हुबी हायेस. तुजी पाठच दिसायली नुसती. मोठ्या दाजीला काईच दिसंना गेलंय."

रंभाबाई एक पाऊल बाजूला सरली.

"आता?"

"आजून थोडं."

ती आणखी सरली. वाळूत चप्पल रुतली, ती तशीच सोडून सरली. बांबूंच्या ढिगापर्यंत आली, तिथून स्पीकरच्या मागे.

"आता दिसायली का?"

तिकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं. बायकांचा आवाज आला, हुंदक्यासारखा किंवा हसल्यासारखा.

"हां," सुजित म्हणाला. "आता समदं दिसायलंय. चांगली दिसायली, अक्का. तितंच थांब."

ती थांबली. तिथून तिला स्पीकरची मागची बाजू दिसत होती.